पियुषचं कोहळं

बाळापूरच्या बाजारात पार्बताबाई भाजी विकायला बसायची तेव्हा तिच्या पुढ्यात वांग्यांचा ढीग आणि मांडीवर लेकरू असायचं. लेकरू तिच्या मुलीचं. वर्षाली बाळंतपणात गेली आणि तिचा पियुष ओल्या अंगानं आजीकडे आला.

"डब्यातली पावडर काहून नाई देत, बाई? कालवलं का झालं," गिऱ्हाइकं म्हणायची.

"माहा मळा हाये घरचा," पार्बताबाई म्हणायची. "डबे ज्याइले मळा नाई त्याइनं घ्यावं."

सकाळी मळ्यातून आणलेल्या कोहळ्याची फोड चिरायची, वाफवायची, साल काढून रवीनं घोटायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची. मीठ नाही, गूळ नाही, वरून तुपाचा थेंब. केळं, चिकू, गाजर, सगळं ती असंच घोटून द्यायची. पण पियुषचा जीव कोहळ्यावर. खाऊन झालं की नाकापर्यंत पिवळा.

"हळद लागली नवरदेवाले," आजोबा किसनराव म्हणायचे.

पोरगा रांगायला लागला आणि जावयानं दुसरं लग्न केलं. योगेश अमरावतीला शाळेत मास्तर. नवी बायको रागिणी नाशिककडची, स्वभावानं चांगली. पार्बताबाईचं दुखणं तेच होतं. वाईट असती तर भांडता आलं असतं.

दोघं पियुषला न्यायला आले. रागिणी चुलीपाशी येऊन बसली. "आई, मला याची प्युरी शिकवा ना."

"पुरी? दोन दात आले त्याले, पुरी कायची चारतं वं?"

रागिणी हसली, किसनरावही हसले. पार्बताबाईनं तिच्यासमोर चिकू घोटून दाखवला आणि म्हणाली, "दुसरं नाई खाल्लं तरी कोहळं खाईनच. असंच वाफवजो, असंच गाळजो."

निघताना योगेश म्हणाला, "महिनाभर पाहतो, आई. नाहीच खाल्लं, नाहीच रमला, तर तुमच्याकडेच राहू द्या त्याला. माझा शब्द आहे."

त्या शब्दावर म्हातारा-म्हातारी दिवस ढकलू लागली. घराच्या आढ्याला बांधलेली पाळण्याची झोळी कोणी सोडली नाही.

आठवडा गेला नसेल, रागिणीचा फोन आला. आवाज रडवेला. "आई, तो काहीच खात नाही हो. केळं नाही, चिकू नाही. नुसत्या दुधावर आहे. तुम्ही सांगितलं तसंच कोहळं करते, पण जिभेला लागलं की थुंकतो."

"कच्चं रायत असीन."

"नाही, शिजून नुसतं पाणी होतं. पांढरं, पाणचट. मलाच चव लागत नाही त्याला."

पांढरं म्हटल्याबरोबर पार्बताबाईला समजलं. तिनं विचारलं, "आणलं कुठून?"

"मॉलमधून. मीच निवडून आणला कोहळा."

गल्लीतल्या भाजीवाल्याकडं मागितलं असतं तर त्यानं बरोबर दिलं असतं. पार्बताबाई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

"काय झालं?" किसनरावांनी विचारलं.

"पेठ्याचं कोहळं घोटून चारून राहिली ते. तिच्या गावाकडं त्यालेच कोहळा म्हणतेत."

किसनराव हळूच म्हणाले, "सांगू नको."

"काहून?"

"काहून काय? नाई खाल्लं तं आणून घालतीन. जावईबापूचाच शब्द हाये."

ती झोळीकडं पाहत बसली. किसनराव पुन्हा म्हणाले, "दोन-चार दिवसाचा तं सवाल हाये. दूध पिते न तो."

"दोन-चार दिवस," पार्बताबाई म्हणाली. "आपल्यासाठी लेकरू उपाशी ठेवू? वर्षाली असती तं काय म्हणाली असती मले?"

किसनराव उठून मळ्याकडं गेले. तिनं फोन लावला.

"बाई, ते कोहळं नव्हे. तुमी लाल भोपळा म्हणता न, ते आमचं कोहळं. ते आण."

पलीकडून रागिणी म्हणाली, "आई, मला वाटलं त्याला मीच नको आहे."

"तसं नसते, पोरी. लेकराले काय समजते. जाय, भोपळा आण."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. रागिणीच्या मांडीवर पियुष, हनुवटी पिवळीजर्द. चमचा जवळ आला की तो आ करत होता. मागून योगेशचा आवाज आला, "आई, दुसरी वाटी आहे ही. रमला आता."

किसनराव फोनवर वाकले. "बोल न वं त्याच्यासंगं."

पार्बताबाईनं पदर तोंडात धरला होता. तिनं नाही म्हणून मान हलवली. आपला आवाज कानावर पडला तर पोरगा खाणं सोडून आजीला शोधेल, हे तिला माहीत होतं.

"आई, ऐकू येतंय ना?" रागिणीनं विचारलं. "दिसतोय ना तो?"

पार्बताबाईनं नुसती मान डोलावली. वाटी संपेपर्यंत ती तशीच बसून राहिली. पियुषनं एकदाही इकडं पाहिलं नाही.