ओसरीवरचा दिवा

सकाळी दूध घालायला आलेली शेवंता म्हणाली, "बाई, दिवसाउजेडी लाइट काऊन जळून राह्यला?" ओसरीवरचा बल्ब उन्हात फिकट दिसत होता.

जन्मभर आम्ही नवराबायकोने वीज वाचवायला शिकवलं. मी शाळाशाळांतून, हे गावोगावच्या बैठकांतून. त्या बल्बकडे बघता बघता धानोऱ्यापलीकडच्या एका गावातली जुनी दुपार आठवली. गावात नुकतीच वीज आली होती. आम्ही गेलो त्या घराच्या अंगणात मोहफुलं वाळत होती, त्यांचा गोडसर, आंबूस वास घरात भरला होता. आणि भर दुपारी घरातल्या म्हातारीच्या खोलीत पिवळा बल्ब जळत होता. ह्यांनी सवयीने बटणाकडे हात नेला, तशी ती मधे आली.

"नको भाऊ. बंद केला अन् मंग आलाच नाई तं?"

मला हसू आवरेना. ह्यांनी मात्र हात मागे घेतला. "राहू दे," एवढंच म्हणाले.

ओसरीवरचा दिवा रोज उजाडताच हेच बंद करायचे. गेल्या आठवड्यात संध्याकाळी दवाखान्यात निघताना तो ह्यांनीच लावला होता. ते परत आले नाहीत.

शेवंताचा हात बटणापर्यंत गेला होता.

"राहू दे," मी म्हटलं.