बाबांची नववी मात्रा

आमचे बाबा, फत्तेसिंहराव माने, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. पणजोबा गायकवाडी पलटणीत होते म्हणे. तो आवाज पिढ्या ओलांडून बाबांच्या गळ्यात आलाय. जेवताना मीठ मागितलं तरी "मीऽऽठ! इकडे!" असा हुकूम सुटतो आणि मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटच्या खालच्या मजल्यावरचे पटेलकाकासुद्धा ताठ बसतात.

संगीतातलं बाबांना काही म्हणजे काही कळत नाही. तरी मी तबला शिकायचा म्हटलं तेव्हा त्यांनी "कधीपासून?" एवढंच विचारलं. बातमी कळताच कौशल्याआत्या लहरीपुऱ्याहून रिक्षा करून हजर. आत्या बोलते नाकातून, मध्येच गुजराती मिसळून.

"अरे फत्तू, पोरीला भजनं शिकव, पेटी शिकव. तबला शुं काम, कशाला? बोटं लाकडासारखी होतील, हो की नाही? उद्या पोळ्या कशा लाटेल, हो की नाही?"

"नाही," बाबा म्हणाले. "तिला तबला हवाय. विषय खतम."

आत्याच्या "हो की नाही?"ला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. ती चहा पिऊन गेली.

तीन वर्षं मी घराजवळच्या क्लासात शिकले. मग या उन्हाळ्यात दांडिया बाजारातल्या लक्ष्मीकांत गुरुजींच्या वरच्या वर्गासाठी गेले. जागा एकच उरली होती. गुरुजी इतकं हळू बोलतात की त्यांचे विद्यार्थी पुढे झुकून झुकून कुबडे झालेत.

"मुलगी... बरी वाजवते," ते पुटपुटले. "आता... घर बघू."

ही त्यांची जुनी रीत. घरातल्या कुणीतरी समोर बसून दहा मिनिटं हातावर ताल धरायचा. ज्या घरात रियाजाला कुणी सोबत बसत नाही, त्या घरातलं मूल ते घेत नाहीत. मुदत एक महिना. आई दुपारी शाळेत शिकवते आणि संध्याकाळी, नेमकी माझ्या रियाजाच्या वेळी, स्वयंपाकात असते. म्हणजे बाबा!

तीनतालाच्या सोळा मात्रा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर टाळी नाही, हात नुसता बाजूला उघडायचा. तिला खाली, म्हणजे रिकामी मात्रा, म्हणतात. बाबांच्या टाळ्या अशा कडकडीत की कबुतरं उडायची. पण नववी मात्रा आली की तिथंही फाट्!

"अहो, नवव्यावर वाजवायची नाही," आई पोळपाटावरून ओरडायची.

"मग काय पाय हवेत ठेवू? परेडमध्ये आकडा आला की पाय पडतो! रिकामा आकडा कसला?"

"ही परेड नाही!"

"सोळा माणसं एका लायनीत चाललीत, स्नेहलता. परेडच आहे."

पंधरा दिवस गेले. नवव्यावर फाट्, सोळा वेळा सांगून फाट्. एका संध्याकाळी मीच तबल्यावर डोकं टेकलं. "बाबा, राहू दे. मी पुढच्या वर्षी जाईन."

 दुसऱ्या दिवशी बाबा ड्युटीवरून आले ते बूट न काढताच माझ्यासमोर बसले.

"वाजव."

एक, फाट्. पाच, फाट्. आणि नवव्या मात्रेला बाबांचा हात झोकात बाजूला उघडला, पार खिडकीपर्यंत!

"गाडी सोडायची!" बाबा गरजले. "गेटवर तीन वेळा अडवायचं, एकदा हात करून सोडायचं. एवढं सोपं होतं, तर तुझ्या क्लासातल्या सरांनी आधी का नाही सांगितलं?"

मग काय, गेटवरसुद्धा रियाज सुरू. एकदा बाबा रिकाम्या रस्त्याला हात करत होते, तर शिपाई रमणभाई घाबरून म्हणाला, "साहेब, कोने जवा दो छो? कुणाला सोडताय?"

"नववीला," बाबा म्हणाले.

महिना संपला. गुरुजींच्या खोलीत बाबा इस्त्रीच्या शर्टात, मांडी घालून, छाती बाहेर काढून बसले. मी ठेका धरला. सहा मिनिटं झकास गेली. मग मी जरा मिजाशीत ठेका सोडून एक छोटा अवघड तुकडा वाजवायला घेतला आणि कुठं आहे तेच विसरले.  बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, वेगही बदलला नाही. तेरावर फाट्, एकवर फाट्. पाचवर फाट्. मग हात उघडला. नववी! मी तिथून ठेका उचलला आणि पुढच्या एकला दोघं मिळून दणक्यात समेवर.

गुरुजी पुटपुटले. मी झुकले, बाबा झुकले.

"मुलगी... चुकली. घर... नाही चुकलं. सोमवारपासून... पाठवा."

मी तबल्यावरून हात उचलले. बाबांचा ताल मात्र चालूच. तीन, चार, फाट्!

"माने, झालं," गुरुजी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. "थांबा आता!"

"मध्येच कसं, गुरुजी?" हात बाजूला उघडत बाबा म्हणाले. "समेवर थांबतो."

आणि थांबले.