कडुनिंबाचं पाणी
कडुनिंबाचा पाला पाण्यात उकळू लागला, की मला धुळ्याचं आमचं मागचं अंगण आठवतं. तिथल्या खुराड्यात केळीच्या सुक्या पानांवर आमचे तीन ससे एकमेकांना चिकटून झोपायचे, एक नर आणि दोन माद्या. पिल्लं द्यायला गल्लीत घर उरलं नाही, तेव्हा वडिलांनी गुरांच्या दवाखान्यात नेऊन नराचं ऑपरेशन करून आणलं. "याला एकटा ठेवू नका, खाणं सोडेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण शेजारच्या अक्का दारातच आडव्या आल्या. "दवाखानामाईन येल शे तो, पहिले आंग धुई टाका." दवाखान्यातून आलेलं माणूस अंघोळीशिवाय घरात घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. आईने टाके सांभाळत त्याला कडुनिंबाच्या पाण्याने चांगलं पुसून काढलं आणि खुराड्यात सोडलं. तो सवयीने दोघींच्या मधे शिरायला गेला. दोघी ताठ झाल्या. एकीने त्याला हुंगलं. त्याच्या अंगाला त्याचा वासच उरला नव्हता. तिने मागचा पाय जमिनीवर आपटला. धप्. मग दुसरीनेही. भर दुपारी अंगणात दुसरा आवाज नव्हता. आम्ही खुराडं उघडेपर्यंत त्याचा कान फाटला होता. मग त्याला वेगळ्या खोक्यात ठेवावं लागलं. तो जाळीला नाक लावून त्यांच्याकडे बघत राहिला आणि समोरचा लसूणघास सुकत गेला. खोकं रिकामं झाल्यावरही तिकडून वारा आला, की त्या दोघी पाय आपटायच्या. आज यांना दवाखान्यातून घरी आणायचंय. सासूबाईंनी पाणी उकळत ठेवलंय. धुवायला काढलेली यांची चादर मी पुन्हा पलंगावर अंथरली आहे.