घोडी माझ्या नावावर झाली तेव्हा

लग्नानंतर मी पुण्याहून भोपाळला आले, ती थेट कारखान्याच्या टाउनशिपमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. हे तपासणी विभागात होते. दुसऱ्यांनी केलेलं काम मोजायचं आणि नापास करायचं, अशी त्यांची नोकरी. माझं हिंदी बेताचंच होतं. शेजारच्या काकू ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबातल्या, म्हणून माझं निभावत होतं.

रायसेनच्या वाटेवर एका वृद्ध गृहस्थांचा फार्म होता. शर्यतीचे घोडे वाढवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. गुडघे गेले तसं त्यांनी सगळं मोडायचं ठरवलं आणि लिलावासाठी आमच्या टाउनशिपचं मैदान घेतलं. रविवार होता, फुकट होतं, त्यामुळे निम्मी टाउनशिप घोडे बघायला लोटली. आम्हीही गेलो. काकू आणि मी दुसऱ्या रांगेत खुर्च्या धरल्या.

लिलाव पुकारणारे जुने भोपाळी मियाँ होते. जाड भिंगांचा चष्मा, तोंडात पान. बोली शेकड्यांत चालली होती. पंचाहत्तर म्हणजे साडेसात हजार. चार घोडे गेले. मग एक तपकिरी घोडी आणली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. ती उभी राहिली आणि मैदानभर माना तिच्याकडे वळल्या. हे म्हणाले, “मी दाणे घेऊन येतो,” आणि उठून गेले.

पुढच्या रांगेत काळा चष्मा लावलेले एक ठेकेदार बसले होते. ते पंचाहत्तरवर येऊन थांबले. मियाँ विचारत होते, “अस्सी? है कोई अस्सी देनेवाला?” कुणी बोलेना. नेमक्या त्याच वेळी घोडी नीट दिसावी म्हणून काकू अर्ध्या उठल्या आणि त्यांची टाच माझ्या अंगठ्यावर पडली.

“अगं बाई, पाय पडून गेला माझा! लागलं का?”

“असू दे, असू दे,” मी म्हटलं. हसून मानही हलवली.

“अस्सी दे!” मियाँ आनंदाने ओरडले. “पीली साड़ी वाली बहनजी, अस्सी! अस्सी एक, अस्सी दो, अस्सी तीन!”

हातोडा पडला. घोडी कुणीतरी घेतली एवढं मला कळलं. सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या. मग एक मुनीम वही घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. “क्वार्टर नंबर लिखवाइए, बहनजी.”

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, घोडी घेणारी मीच होते. मी उभी राहिले आणि येत होतं तेवढं सगळं हिंदी एकवटून म्हणाले, “मैंने बोली नहीं बोली. मैं मराठी बोली.”

“बोली तो बोली है, बहनजी,” मियाँ म्हणाले. “मराठी हो या फारसी.”

काकू माझ्या मदतीला धावल्या. “भाईसाब, असू दे मतलब रहने दो.”

“वही तो,” मियाँ म्हणाले. “घोड़ी को आपके पास रहने दो. हमने कब मना किया?”

काकू खाली बसल्या.

एवढ्यात हे दाण्यांची पुडी घेऊन परतले. गर्दीच्या मधोमध मी, समोर मुनीम, बाजूला घोडी. कुणीतरी त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, “मी दाणे आणायला गेलो आणि तू घोडी घेतलीस?”

मी सांगायला सुरुवात केली, तोवर ठेकेदार उठले. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. आम्ही नवराबायको मालकाने भाव चढवायला बसवलेली माणसं आहोत, तेव्हा घोडी त्यांना पंचाहत्तरलाच मिळाली पाहिजे. हा आरोप ह्यांच्या फार जिव्हारी लागला. त्यांनी खिशातून कारखान्याचा पास काढला आणि आधी ठेकेदारांना, मग मियाँना, मग मुनिमाला दाखवला. पास घोडीच्या तोंडासमोरूनही गेला. मियाँ मात्र अडून बसले होते. हातोडा पडल्यावर घोडी परत घेतली, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं.

शेवटी प्रकरण मालकांकडे गेलं. ते कनातीच्या सावलीत काठीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग मला विचारलं, “बेटी, सच बताओ. तुम्हें घोड़ी चाहिए?”

एका शब्दात ‘नाही’ म्हणायचं होतं. पण घोडी माझ्याकडेच बघत होती. “चाहिए तो,” मी म्हणाले, “पर जगह नहीं है.”

ह्यांनी डोळे मिटून घेतले.

मालक बराच वेळ हसले. मग त्यांनी ह्यांच्या हातातल्या पुडीकडे बोट दाखवलं आणि ठेकेदारांना म्हणाले, “ठेकेदार साहब, मेरे आदमी मूंगफली खाते हुए भाव नहीं चढ़ाते.” वाद झाला की बोली नव्याने, हा त्यांनी दिलेला निवाडा. मियाँनी मान तुकवली, पण पुकारा सुरू करण्यापूर्वी बायकांनी कृपा करून गप्प बसावं अशी विनंती केली. मी पदराचा बोळा तोंडावर धरून बसले.

वाद बघायला मैदानाच्या पलीकडची माणसंही येऊन उभी राहिली होती. त्यांत इटारसीचा एक व्यापारी होता. त्यालाही घोडी आवडली. दोघांची जुंपली आणि ठेकेदारांना ती पंच्याऐंशीला घ्यावी लागली. जाताना त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काकूंनी माझा हात धरला.

घरी येईपर्यंत हे माझ्या दहा पावलं पुढे चालत होते. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. संध्याकाळी बघते तर हे मागच्या अंगणात पपईच्या झाडाजवळ पावलं मोजत होते.

“काय करताय?”

“काही नाही. बारा बाय दहा निघते जागा.”

पुढच्या रविवारी मीच म्हटलं, जाऊन बघून येऊ. ठेकेदारांचं आवार अयोध्या नगरच्या पलीकडे होतं. आम्हाला बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण दारात आलेल्यांना चहा विचारावा लागतोच. ह्यांनी नेलेला गूळ घोडीने खाल्ला आणि नंतर ह्यांचीच बाही चावायला घेतली. ठेकेदार म्हणाले, “इतना प्यार तो मुझसे भी नहीं करती.” त्यावर दोघं बोलायला लागले ते अंधार पडेपर्यंत. मग दर रविवारचा तो शिरस्ताच झाला. हे तिचे खूर, दात, नाल सगळं कारखान्यातला माल तपासावा तसं तपासत आणि ठेकेदारांना सूचना देत.

घोडी गाभण होती, हे लिलावात कुणी बोललं नव्हतं; मालकांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. थंडी सरता सरता एका सकाळी ठेकेदारांचा माणूस कारखान्याच्या गेटवर निरोप घेऊन आला. घोडी व्यायली होती. ह्यांनी ताबडतोब अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं : घरी बाळंतपण.