दांड्याची सायकल

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या डोंबिवलीत सायकलींच्या दोनच जाती होत्या, दांड्याची आणि बिनदांड्याची. दांड्याची पुरुषांची, बिनदांड्याची बायकांची. याच्या पलीकडे सायकलीबद्दल काही जाणून घ्यायची कुणाला गरज वाटत नसे. आमच्याकडे आली ती दांड्याची, गियरची, जाड टायरांची आणि वर परदेशी. माझा मोठा भाऊ ठाण्याला एका कारखान्यात होता. तिथे मशीन बसवायला एक परदेशी इंजिनियर आला, सहा महिने राहिला, आणि जाताना स्वतःसाठी आणलेली डोंगरात चालवायची सायकल भावाला देऊन गेला. भाऊ ती ठाण्याहून चालवत घेऊन आला, तेव्हा मुंब्र्याची धूळ त्याच्या भुवयांवर बसली होती आणि दारात गाय आणून बांधावी तसा तो खूश होता.

बिल्डिंगमधली माणसं सायकल बघायला यायची आणि गियर मोजून जायची. मला गियरांचं कौतुक नव्हतं. मला आवडायची ती फ्रेम. बाटलीच्या काचेसारखा गडद हिरवा रंग, लाटण्याच्या जाडीच्या सरळ नळ्या, पुढे मोठा त्रिकोण, मागे छोटा. कुठे स्प्रिंग नाही, झालर नाही, उगाच घातलेलं वळण नाही. दोन वर्षांत डोंबिवलीच्या रस्त्यांनी त्या सायकलीचं बाकी सगळं खाल्लं. टायर गेले, ब्रेक गेले, चेन गेली, सीट फाटली, आणि प्रत्येक वेळी नाक्यावरच्या सायकलवाल्याने इथलंच काहीतरी बसवलं. फ्रेमला मात्र त्याला हात लावायची वेळ आली नाही. सायकल म्हणजे फ्रेमच, बाकी सगळे पाहुणे, असं तो म्हणायचा. आज दुकानांत उड्या मारणाऱ्या, घडी होणाऱ्या, वाटेल त्या सायकली मिळतात, आणि तरी तशी साधी दोन त्रिकोणांची फ्रेम दिसली की मी दांड्यावर हात ठेवून उभी राहते. सोबतची माणसं पुढे निघून जातात आणि मग मला शोधत परत येतात.

मग भाऊ मस्कतला गेला आणि सायकल जिन्याखाली राहिली. तिसऱ्या मजल्यावर मी राहिले.

मी दहावीत असताना आईचा संधिवात सुरू झाला. बारावी होईपर्यंत तिची बोटं अशी वाकली, की तिला चहाचा कप धरता येईना. बाबा ठाण्याला एका ऑफिसात कारकून होते. सकाळी पावणेआठला निघायचे, संध्याकाळी साडेसातला यायचे. "घरात कुणीतरी हवं," असं एकदा जेवताना कुणीतरी म्हणालं, आणि ते कुणीतरी म्हणजे मी, हे कुणाला वेगळं सांगावं लागलं नाही. माझं कॉलेज सुटलं. मी बाहेरून बी.ए. करायला घेतलं. बाहेरून म्हणजे घरातून, ओट्याशी उभं राहून, कुकरच्या शिट्ट्या मोजत. आईला उठवायचं, आंघोळ घालायची, वेणी घालायची, भरवायचं, दुपारी शेकायचं, रात्री चोळायचं. दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीला ग्रील, आणि ग्रीलमधून दिसायची ती समोरच्या बिल्डिंगची गॅलरी. तिलाही ग्रील.

मी काही गुणी मुलगी नव्हते. मला राग यायचा. आईचा यायचा, मग आजारी आईचा राग आला म्हणून स्वतःचा यायचा, आणि तो सगळा भांड्यांवर निघायचा. आईला वाटायचं तिच्यामुळे मी अडकले, मला वाटायचं तिला तसं वाटतंय, आणि असं आम्ही दोघी दिवसभर एकमेकींना जपत आणि टोचत बसायचो.

सकाळचं दूध तेवढं बाबा घरी असताना आणायचं असायचं. सहाला निघायचं. दूध केंद्र चालत पाच मिनिटांवर. एका पहाटे मी जिन्याखालची सायकल काढली. पडून पडून गंजेल, असं बाबांना सांगितलं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. लहानपणी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या मोठ्या सायकलीवर, दांड्याखालून पाय घालून, मी शिकले होते. आता ओढणी कमरेला बांधली, सायकल जरा तिरकी केली आणि मागून पाय टाकून बसले. पहिल्या दिवशी दूध केंद्रापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी दुधाच्या पिशव्यांची थैली हँडलला लावली आणि परत फिरण्याऐवजी डावीकडे वळले.

डावीकडे रेल्वेचं फाटक होतं. फाटकापुढे डांबर संपायचं, मग खडी, मग नुसते दगड, मग मोठागावची खाडी. कोळणी पाट्या घेऊन उभ्या असायच्या, होड्या लागत असायच्या, वारा खारट असायचा. मी खाली उतरतही नसे. काठाकाठाने शेवटच्या होडीपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं. एकूण चाळीस मिनिटं. घरी सांगायचं, रांग होती.

त्या दगडांवर मला फ्रेम कळली. भाड्याच्या सायकली खडखडायच्या, त्यांचं हँडल एक म्हणायचं आणि चाक दुसरंच. ही खडखडत नव्हती. दगड लागला की तो हाताला कळायचा, पायाला कळायचा, पण सायकल वाकडी व्हायची नाही. पायाचा जोर कुठे वाया जायचा नाही, पायडल दाबलं की ती पुढे जायची. दिवसभर मी जे काही करायचे ते दुसऱ्या दिवशी पुन्हा करायला लागायचं. या चाळीस मिनिटांत मात्र केलेलं काहीतरी पुढे सरकायचं. मला ती चाळीस मिनिटं जिवापेक्षा प्यारी होती आणि ती कुणी काढून घेईल या भीतीने मी त्याबद्दल एक अक्षर कुणाशी बोलले नाही.

साताठ महिने असं चाललं. मग तळमजल्यावरच्या काकूंनी बाबांना जिन्यात गाठलं. मुलगी दांड्याच्या सायकलवर टांग टाकून बसते, चांगलं दिसत नाही, आणि उद्या पडली बिडली तर, वगैरे. मी वरून ऐकत होते. मला वाटलं, संपलं. बाबा वर येतील आणि सायकल बंद म्हणतील.

बाबा तसे नव्हते. माझे बाबा रागावणारे असते तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीदा वाटलं. ते आले, कॅलेंडरचं जुनं पान घेतलं, त्याच्या पाठीवर पट्टी-पेन्सिलने सायकल काढली आणि दोन दिवस त्यात खाडाखोड करत बसले. तिसऱ्या दिवशी मला बोलावून दाखवलं. वरचा दांडा कापून टाकायचा आणि त्याच्या जागी खालून एक वाकडा पाइप जोडायचा, म्हणजे झाली लेडीज सायकल. टांग टाकायला नको, कुणी काही बोलायला नको. आपली ग्रील ज्याने केली त्याच्याशी बोलणंही झालंय. चित्र सुंदर होतं. बाबांनी सीटवर एक वेणीवाली मुलगीसुद्धा काढली होती. माझ्यासाठी त्यांनी इतका वेळ बसून काही केल्याचं मला आठवत नव्हतं, आणि मी म्हटलं, छान आहे.

रविवारी आम्ही दोघं सायकल घेऊन गेलो. वेल्डर मोठागावचा, खाडीवरचाच. ग्रील करायचा आणि होड्यांच्या इंजिनांची कामंही करायचा. मी त्याला पहाटे काठावर पाहिलं होतं आणि त्यानेही मला पाहिलं होतं, आणि तो ते बाबांसमोर बोलून टाकेल अशी मला भीती होती. पण त्याने सरळ सायकल उलटी केली, नळ्यांवर बोट वाजवून बघितलं, दांड्याच्या दोन्ही टोकांना खडूने खुणा केल्या आणि थांबला.

"साहेब, ह्यो दांडा काढला त ह्याच्यात राहिलं काय?"

बाबांनी चित्र दाखवलं. त्याने ते नीट बघितलं. पाइप लागेल, म्हणाला, पण या नळीचा पत्रा पातळ आहे, भारीतला आहे, जोर सगळा या दांड्यावर आहे. वाकडा पाइप तेवढा जोर घेणार नाही. गल्लीत चालेल, दगडाधोंड्यांत नाही. बाबा म्हणाले, गल्लीतच चालवायची आहे, दूध आणायला. वेल्डरने माझ्याकडे बघितलं.

"चालवतंय कोन? ही ना? मंग तिला इचारा एकदा."

बाबा माझ्याकडे वळले. हातात कॅलेंडरचं पान, चेहऱ्यावर इतका विश्वास. मी नाही म्हटलं असतं तर का, ते सांगावं लागलं असतं. दूध केंद्राला दगड नव्हते. दगड कुठे होते ते सांगितलं की सात-आठ महिन्यांची रांग उघडी पडली असती आणि चाळीस मिनिटं गेली असती. हो म्हटलं तर फ्रेम जाणार होती, आणि तिच्याबरोबर तीच चाळीस मिनिटं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी कितीतरी वेळ दांड्याकडे बघत उभी होते, असं मला आठवतं. प्रत्यक्षात चार सेकंद झाले असतील.

"चालेल, बाबा," मी म्हटलं.

करवतीने दोन ठिकाणी कापलं. फार वेळ लागला नाही. सुटलेला दांडा वेल्डरने हातावर तोलला, हळहळला आणि भंगारात ठेवला. मग नळाचा एक पाइप वाकवून जोडला आणि त्यावर ग्रीलचा उरलेला राखाडी रंग मारला. संध्याकाळी बिल्डिंगसमोर बाबांनी मला बसवलं आणि मला उत्तम सायकल येते हे विसरून सीट धरून माझ्यामागे धावले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना धावताना बघितलं. काकू गॅलरीतून बघत होत्या आणि मान डोलावत होत्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाबांना वाटलं, आनंदाने.

तीन दिवस मी गल्लीतून दूध आणलं. सायकल आता लचकायची. वळताना पुढचं चाक वळायचं आणि मागचं विचार करायचं. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही आणि मी डावीकडे वळले. फाटक ओलांडलं, खडी संपली, पहिला मोठा दगड आला आणि सीटखालचा जोड कट्कन उलला. मी गुडघ्यावर आपटले, दुधाची एक पिशवी फुटली. उरलेल्या पिशवीची थैली गळ्यात अडकवून ती मोडकी सायकल अर्धी उचलत, अर्धी ओढत मी घरी आले, तेव्हा पावणेआठ कधीच होऊन गेले होते. बाबा बूट घालून दारात उभे होते. त्यांनी माझा गुडघा बघितला, दूध माझ्या हातातून घेतलं, आणि दुधाच्या रांगेत गुडघा कसा फुटतो असं विचारलं नाही. डेटॉल कुठे आहे तेवढं सांगितलं आणि गेले. जिन्याखाली सायकलपाशी ते थोडा वेळ थांबले असावेत, कारण गेटचा आवाज बराच उशिरा आला.

मी आत आईच्या पलंगापाशी जमिनीवर बसून जखम पुसायला लागले.

"खाडीवर गेलेलीस ना?" आई म्हणाली.

मी कापूस पुन्हा डेटॉलमध्ये बुडवला. मग ती बोलत राहिली. तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. दुधाच्या रांगेत उभं राहून कुणाच्या सलवारीला खाडीचा चिखल लागत नाही. बरी होती तेव्हा ती स्वतः मासळीला त्याच रस्त्याने जायची. मी चिडून विचारलं, मग बोलली का नाहीस.

"कशाला बोलू? तू निघालीस की मी घड्याळ बघत पडायचे. आता फाटक ओलांडलं असेल, आता होड्यांपाशी असेल, आता फिरली असेल. दिवसातला माझा तेवढाच वेळ बरा जायचा."

मला वाटलं होतं, मी त्या घरातून रोज एकटी बाहेर पडते.

"तो दांडा का कापू दिलास गं?" तिने विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते बाबांविरुद्ध गेलं असतं, म्हणून मी तिला चहा हवा का विचारलं. तिने नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सहाला मी पिशवी घेऊन चालत निघाले. रांग नव्हती. दूध घेतलं आणि दहा मिनिटांत परत आले. आई जागी होती. तिने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कुशीवर वळायला मदत कर म्हणाली. मी तिला वळवलं. तिने तोंड भिंतीकडे केलं, आणि त्यानंतर सकाळी मी परत यायच्या वेळी ती नेहमी तशीच असायची.