रहाटाला घातलेलं तेल

कोपरा फाडलेलं कार्ड पोस्टमनने हातात ठेवलं तेव्हा मी खिडकीत बसून तांदूळ निवडत होते. कोपरा फाडलेला म्हणजे कुणीतरी गेलं, हे कळायला अक्षर वाचावं लागत नाही. गावच्या भटजींनी लिहिलं होतं, "भागूताई वैशाख वद्य पंचमीस वारल्या. दोन दिवस तापाने पडून असाव्यात. कोणास कळले नाही." अंगावरच्या लुगड्यानिशी मी नळाखाली जाऊन बसले, आणि डोक्यावर पाणी पडत असताना डोक्यात एकच वाक्य फिरत राहिलं... कोणास कळले नाही. अहो, बाकी कुणाचं कळलं नसतं तर मी समजले असते. पण वन्संचं? ज्या बाईने एका उन्हाळ्यात सगळ्या आळीला 'कळायचं कसं' हे शिकवलं, तिचं कुणाला कळू नये?

भागीरथी माझी थोरली नणंद. गाव त्यांना भागूताई म्हणे, मी वन्सं म्हणे. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि त्या श्रीवर्धनला माहेरी परत आल्या, त्या कायमच्याच. मी लग्न होऊन आले तेव्हा सुपारीची वाडी, विहीर, कोठी आणि घरातली सगळी माणसं त्यांच्या ताब्यात होती. तोंड असं फटकळ, की लग्नानंतर पहिले सहा महिने मी परसात जाऊन रडत असे. नंतर मीही शिकले. आमची भांडणं ऐकायला शेजारच्या बायका काम टाकून येत, हे सांगायला मला आज लाज वाटत नाही. वर्तमानपत्रात ज्यांच्याबद्दल लिहितात तशा काही त्या नव्हत्या. सही करताना 'भागीरथी'तला 'थी' लिहायला त्यांना पुरा एक मिनिट लागे.

दहा-बारा वर्षांमागे आमच्याकडे गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. त्याआधी मानमोडीची, इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली होतीच, तिचे ओरखडे घरोघर होते. एका सकाळी माजघरात उंदीर मरून पडला. उंदीर पडला की घर सोडायचं, हे तेव्हा लहान पोरालाही ठाऊक होतं. आमच्याकडच्या वाड्या अशा असतात, की रस्त्याला लागून घर, मागे सुपारीची लांबच लांब पट्टी आणि तिचं दुसरं टोक पुळणीपाशी, समुद्राच्या वाळूपाशी. जो तो आपापल्या वाडीच्या त्या टोकाला नारळीच्या झापांची खोप बांधून राहायला गेला. आमच्या खोपीत वन्सं, मी आणि माझी सहा वर्षांची सुशी. हे मुंबईला पेढीवर होते, आणि साथीच्या गावात बोटीने माणूस उतरू देत नव्हते. दोन वाड्यांच्या मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. पलीकडची वाडी रुकय्याची. तिचा नवरा जहाजावर सारंग, वर्षातून एकदा घरी यायचा. कुणी कुणाकडे जायचं नाही, कुणाच्या हातचं घ्यायचं नाही, असं दवंडी पिटून सांगितलं होतं. टोचून घेतलं तेही लांबून रांग धरून. दिवसभर माणसाचा आवाज नाही. पुळणीकडून कुणाला नेताना 'राम' ऐकू आलं की आज कोण, उद्या कोण, एवढाच विचार.

सुशी तिसऱ्या आठवड्यात गेली. काखेत गाठ आली आणि तीन दिवसांत माझी पोर गेली. त्याबद्दल मला जास्त लिहिता येणार नाही. नंतर मी बोलेनाशी झाले. रडूही येईना. खोपीजवळ खालची विहीर होती, तिच्या काठावर मी जाऊन बसे आणि आत बघत राही. तासन्‌तास. मी काय बघत होते ते मला माहीत होतं, आणि वन्संनाही.

वन्संनी माझं सांत्वन केलं नाही. एका सकाळी येऊन मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यमू, विहीर कुठं पळून जात नाही. जीव द्यायचाय तर दे. पण आधी शंभर लोटे पाणी काढ. मिरच्या सुकून चालल्यात, त्यांनी काय घोडं मारलंय?" त्या विहिरीवर छोटा पायरहाट होता. फळीवर बसून हातापायांनी फिरवायचा, की माळेला बांधलेले लोटे भरून वर येतात. मी रागाने बसले. खरंच रागाने, बाई कसली ही राक्षसीण म्हणून. रहाट आसापाशी असा कुरकुरायचा की दात आंबावेत. मी फिरवत राहिले. पाणी पाटाला लागलं. एवढ्यात गडग्यापलीकडून रुकय्याची हाक आली, "बाई, तुमचा रहाट वाजला. बरं वाटलं मला. दोन दिस न्हाय वाजला, मी म्हटलं सगळीच गेली."

वन्सं तिथंच थबकल्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ऐकलंस? तू इथं आत बघत बसतेस आणि ती तिथं आपल्या नावाने रडत बसते."

त्या दिवसापासून वन्संनी आळीला नियम घालून दिला. गडग्यागडग्यावरून ओरडत तो शेवटच्या वाडीपर्यंत गेला. वाडीला पाणी लागो न लागो, सकाळी दिवस वर आला की प्रत्येकाने चार फेरे रहाट फिरवायचा. ज्याचा वाजला तो आहे. नाही वाजला त्याला शेजाऱ्याने हाक मारायची. हाकेला ओ आली नाही तर आत शिरायचं, मग विटाळ असो नाहीतर काही असो. आणि साथ जाईपर्यंत कुणीही आसाला तेल घालायचं नाही. आमच्याकडे प्रत्येक रहाटाचा आवाज वेगळा, घरच्या माणसाच्या खोकल्यासारखा ओळखू येतो. रोज सकाळी एकेक आवाज सुरू होई आणि वन्सं बोटांवर मोजत म्हणत, "हा जोश्यांचा... हा रुकय्याचा... हा बघ, आळशी मेला, आत्ता उठला." कोण गेलं याची चर्चा त्या करू देत नसत. "रोगावर सरकार टोचतंय. धास्तीवर कोण टोचणार?" असं म्हणत, आणि मला काहीतरी काम लावत.

मी रहाट फिरवत होते, पण बोलत नव्हते. एके दिवशी दुपारी वन्संनी आमटी वाढली. पहिला घास तोंडात घेतला आणि मी ओरडले, "वन्सं, आमटी आहे की मिठागर?" तेरा दिवसांनंतरचे माझे ते पहिले शब्द. वन्सं हसल्या, हसता हसता पदर तोंडाला लावून खोपीच्या मागे गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मीठ मुद्दाम घातलं होतं हे मला वर्षभराने कळलं. "भांड, रड, मला शिव्या दे, पण गप्प बसू नको. गप्प बसलेलं माणूस हातचं जातं," असं त्यांचं म्हणणं.

एकदा रुकय्याचा रहाट वाजला नाही. वन्संनी हाक मारली तर आतून बारीक आवाज आला, "ताप न्हाय बाई. पन हातपाय हालत न्हाय. भ्या वाटतंय." एरवी आमच्या घरची बाई तिकडे गेली नसती आणि तिकडची इकडे आली नसती. गडगा होता तो नुसता दगडांचा नव्हता. तरी सोवळ्याच्या वन्सं विधवेचं तांबडं आलवण खोचून त्या गडग्यावर चढल्या, घोड्यावर बसावं तशा बसल्या, आणि दोन तास त्यांनी तिला कैरीचं लोणचं कसं घालायचं ते सांगितलं. मोहरी किती, मेथी किती. रुकय्याला आमच्यापेक्षा चांगलं लोणचं येत होतं. शेवटी तिला राहवलं नाही, ती उठून बाहेर आली आणि म्हणाली, "येवढी मेथी घातल्यावर कडू न्हाय व्हणार?" वन्सं मला म्हणाल्या, "उठली बघ." मग रुकय्याचा रहाट वाजला.

साथ गेली. हे आले आणि मला मुंबईला घेऊन गेले. पुढे वाडीचा वरचा, रस्त्याकडचा भाग विकला, राहतं घरही विकलं. वन्सं मुंबईला यायला तयार नव्हत्या. खोपीच्या जागी दोन खोल्यांचं कौलारू घर बांधून तिथंच राहिल्या, जवळ पन्नासेक पोफळी आणि तो पायरहाट. आळीतल्या लोकांनी केव्हाच आपापल्या रहाटांना तेल घातलं, एका-दोघांनी इंजिनं बसवली. वन्संनी नियम सोडला नाही. रोज सकाळी त्या चार फेरे फिरवत, तो कुरकुर आवाज ऐकला की रुकय्या आपल्या रस्त्याकडच्या घरातून काम टाकून गडग्याच्या ढासळलेल्या फटीशी येऊन उभी राही, दोघी दोन शब्द बोलत आणि आपापल्या कामाला लागत. मला येणारं, त्यांनी अक्षर अक्षर जुळवून लिहिलेलं प्रत्येक कार्ड एकाच वाक्याने संपे, "रहाट चालू आहे."

मी एकदा विचारलं होतं, "वन्सं, तेव्हा तुम्हाला भीती नाही वाटली?" म्हणाल्या, "वाटायची तर. तू होतीस म्हणून निभावलं. कुणाला तरी दामटायला मिळालं की आपली भीती मागे पडते." मग थोड्या वेळाने, "आता दामटायला कोण आहे?" मी हसण्यावारी नेलं. आमचं बोलणं सगळं हसण्यावारीच चाले, ही एक सोय होती आणि आता कळतं, एक खोडही होती.

यंदा शिमग्याला मी एकटी गेले. वन्सं पार थकल्या होत्या, कानांनी फार कमी ऐकू येत होतं. मी ओरडून बोलायची, त्या भलतंच उत्तर द्यायच्या. रोज सकाळी मात्र रहाट. तो आवाज आला की मी अंथरुणात कान झाकून घेई. इतक्या वर्षांनंतरही त्या कुरकुरीबरोबर मला सुशीचं कण्हणं ऐकू येई, मी काय करू? चौथ्या दिवशी वन्सं आंघोळीला गेल्या असताना मी करंजाच्या तेलाची बाटली घेतली आणि आसाच्या दोन्ही टोकांना अर्धी अर्धी ओतली. कुणाचं वाईट करावं म्हणून नव्हे. मला तो आवाज नको होता आणि त्यांचे पाय दुखत होते, एवढंच. दुसऱ्या दिवशी वन्सं फळीवर बसल्या. रहाट गुपचूप फिरला. फरक कळला तो फक्त त्यांच्या पायांना. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आज हलका झालाय गो. तू आलीस, बळ आलं बघ मला."

 तेल घातलंय म्हणून ओरडून सांगायचा मी कंटाळा केला. त्याच दुपारी बोटीसाठी निघाले.

महिन्याभराने कार्ड आलं. "रुकय्या हल्ली गडग्याशी येत नाही. माझे काय चुकले कळत नाही. मी रोज वाट बघते. रहाट चालू आहे." मी वाचलं आणि हसले. म्हाताऱ्यांचे रुसवेफुगवे, दुसरं काय! उलट टपालाने लिहिलं, "भांडा, पण गप्प बसू नका. तुमचेच वाक्य आहे." फार चतुर उत्तर लिहिलं असं वाटलं होतं मला. ह्यांनाही वाचून दाखवलं होतं. त्यानंतर वन्संचं कार्ड आलं नाही.

भटजींचं पत्र मिळाल्यावर आम्ही पहिल्या बोटीने दिघीला उतरलो आणि बैलगाडीने घरी गेलो. नारळ पाडायला आलेल्या गड्याने वन्संना पाहिलं होतं, तोवर सगळं संपलेलं. रुकय्या गडग्याशी उभी होती. मला बघून तिने तोंडात पदर कोंबला. मग म्हणाली, "तुमी शिमग्याला आलतात. दुसऱ्या दिसापासनं रहाट वाजंना. मी म्हटलं, बरं झालं, भावजय घिऊन गेली बाईला मुंबईला. मला न सांगता गेली म्हणून रागच आला मला. दोन म्हैने मी रागात होते, यमूताय... बाई हितंच होती?"

मी तिला तेलाचं सांगितलं. सांगावंच लागलं. ती रहाटाकडे वळली. "म्हंजी रोज फिरवत व्हती," एवढंच म्हणाली.

म्हातारपण, ताप, सगळेच असं म्हणतात आणि तसंच असेल. मी वैद्य नाही. पण गप्प बसलेलं माणूस हातचं जातं हे ज्यांनी मला विहिरीच्या काठावरून उठवून शिकवलं, त्यांना गप्प मी केलं. त्यांना कळूही न देता. याची क्षमा मागायची तर आता कुणाकडे मागू?

वन्संचे दिवसकार्य होईपर्यंत आम्ही राहिलो. मी चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या घेऊन आस पुसायला बसले. लाकडात मुरलेलं तेल ते, एका दिवसात कसं निघणार! रोज पुसायची, रोज सकाळी फळीवर बसून फिरवायची, रहाट मुकाच. वन्संच्या अकराव्याला सकाळी तिसऱ्या फेऱ्याला तो कुरकुरला. आधी बारीक, मग पूर्वीसारखा. मी पाय थांबवले नाहीत. थोड्या वेळाने रुकय्या हातातलं पीठ तसंच घेऊन आली आणि गडग्याच्या फटीशी उभी राहिली.  रहाटाच्या फळीवर बसलं की ती फट नेमकी समोर दिसते, मान वळवावी लागत नाही. वन्संना ती दोन महिने रोज रिकामी दिसत होती.