सिंहगडाची जवळची वाट

सिंहगड चढायला निघताना मी चार बाटल्या पाणी घेतलं होतं, पण त्यात प्यायला एक थेंबही नव्हता.

मे महिना होता. पाणी गार राहावं म्हणून मी बाटल्या रात्रभर फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. सकाळी त्यांचे दगड झाले होते. ते वितळू नयेत म्हणून मी त्यांना आधी वर्तमानपत्रात आणि मग टॉवेलात गुंडाळलं. (आमच्या मुक्तालाही जन्मल्यावर इतकं नीट कुणी गुंडाळलं नव्हतं!) स्वारगेटहून बसने गडाच्या पायथ्याशी उतरलो, तेव्हा दहा वाजून गेले होते. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, बाटली तोंडाला लावली, उलटी केली, हलवली.

"अहो, हे प्यायचं की फोडायचं?"

"वितळेल चढता चढता."

"पाणी ना? का आपण?"

हा सगळा उपद्व्याप माझ्या मेहुण्यामुळे. हेमंत नुकताच हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. तिथली मुलं आठवडाभर खुर्चीत बसायची आणि शनिवारी डोंगरावर जायची. एकदा आमच्याकडे चहा पिताना तो म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला नाही झेपणार." झालं! मी शेवटचा सिंहगड चढलो तो कॉलेजात असताना. त्यानंतर मी फक्त ऑफिसचा जिना चढलो होतो, तोही लिफ्ट बंद असेल तेव्हा. पण नारायण पेठेत राहणाऱ्या माणसाला 'झेपणार नाही' म्हणायचं म्हणजे काय!

अर्धा तास चढल्यावर मुख्य वाटेवर गर्दी लागली. डावीकडे एक अरुंद घळ वर जाताना दिसली. मी थांबलो.

"ही जवळची वाट. कॉलेजात आम्ही इथूनच जायचो." (कधीच गेलो नव्हतो.)

"कुणाला तरी विचारू या का?" सुनंदा म्हणाली.

मी दुखावलो. पुणेकराने रस्ता सांगायचा असतो, विचारायचा नसतो.

"मग तुम्ही जा. मी सगळे जातात तिथूनच जाणार. पण मुक्ताला नेताय. जशी नेताय तशी वर आणा."

"तू पोचेपर्यंत आमची पिठलं-भाकरी खाऊन झालेली असेल!"

मुक्ता तेव्हा दहा वर्षांची होती. पहिल्या दहा मिनिटांत तिने मला वीस प्रश्न विचारले. उत्तरं द्यायला माझ्याकडे श्वास नव्हता, म्हणून मी तिथल्या तिथे एक नियम केला. "हे बघ, डोंगर चढताना अजिबात बोलायचं नाही. दम जातो. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही." मुलगी आज्ञाधारक. ती गप्प झाली आणि शेळीसारखी तुरुतुरु वर गेली.

घळ हळूहळू उभी होत गेली. आधी मी चालत होतो, मग वाकून चालत होतो, मग चारी पायांवर आलो. दगड असे तापले होते की हात टेकला की उचलावा लागे, आणि उचलला की घसरायला होई. पाठीवर चार बाटल्यांचा बर्फ, घशात वाळवंट! एका ठिकाणी पाय ठेवला तर तो दगड सुटला. तो कितीतरी वेळ खाली आपटत गेला. मी खाली बघितलं. बघायला नको होतं. बस एवढीशी दिसत होती, आणि ती आमच्याशिवायच परत जाणार अशी माझी खात्री पटली.

आता वर जाता येईना, खाली उतरता येईना. मी एका वाळक्या झुडपाला मिठी मारली. त्याला काटे होते, पण ती वेळ निवड करायची नव्हती.

तेवढ्यात वरून दगड गडगडत आले. माझ्या कानाजवळून गेले. मग सगळं शांत झालं.

"मुक्ता!"

उत्तर नाही.

"मुक्ता! मुक्ते!"

काहीच नाही. तिचा निळा फ्रॉकही दिसेना. उन्हात अंगावर काटा येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती कुठे पडली असेल, लागलं असेल का, आणि वर जाऊन मी सुनंदाला कुठल्या तोंडाने सांगू? हेमंत आठवला नाही, सिंहगड आठवला नाही. मी नुसता "देवा, देवा" म्हणत होतो, तेही मोठ्याने.

"आरं द्येवा! ओ दादा, तिकडं कुठं शिरला?"

वर पाहिलं. कडेला एक म्हातारी मावशी उभी होती. डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी, पायात काही नाही. आणि तिच्या शेजारी निळा फ्रॉक!

"मुक्ता! ओ का दिली नाहीस?"

मुक्ताने ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बोट दाखवलं.

"बोल आता! बोल!"

"तुम्हीच म्हणालात, हाक मारली तरी ओ द्यायची नाही. तुम्ही देवाला हाक मारायला लागलात, म्हणून मी या आजींना घेऊन आले."

मावशींनी पाटी खाली ठेवली, डोक्यावरची चुंबळ सोडली आणि त्या लांब फडक्याचं टोक माझ्याकडे टाकलं.

"धरा घट्ट. ही पावसाचं पानी उतरायची वाट हाय, मानसानं चढायची न्हाई."

"फाटणार नाही ना?"

"रोज एवढं दही वाहतंय. तुमचं काय घिऊन बसलाव?"

मी दह्याच्या मागोमाग गडावर पोचलो. सुनंदा झाडाखाली बसली होती. मुक्ताने तिला सगळं सांगितलं, माझ्या झुडपाच्या मिठीसकट, करून दाखवून! सुनंदाचा चेहरा पांढरा पडला. तिने आधी मुक्ताला जवळ ओढलं, तिचे कोपर, गुडघे नीट तपासले. मग माझ्या हातातले काटे एकेक करून काढले. मी जन्मभराची बोलणी खायला मान खाली घालून तयार होतो.

शेवटी ती वळली, पण मुक्ताकडे. आवाज कडक.

"मुक्ता, हे बरोबर नाही वागलीस तू."

"अगं, तिला कशाला बोलतेस? तिचा काय दोष?" मी म्हणालो.

"तुम्ही मधे बोलू नका," सुनंदा म्हणाली. "लहान मुलांना डोंगरात असं एकटं मागे सोडून जातात का गं?"